गहुंज्याचे मैदान आणि विजयाचे भांडवल

मुंबईहून खंडाळ्याचा घाट चढून, लोणावळा मागे टाकून पुण्याकडे येणाऱ्या प्रवाशाला मावळच्या पूर्व टोकाशी, द्रुतगती मार्गालगत एक भव्य क्रीडांगण दिसते. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे गहुंजे येथील हे मैदान. २०१२ साली त्याचे उद्घाटन झाले, २०१७ मध्ये येथे पहिला कसोटी सामना झाला आणि २०२३ च्या विश्वचषकातील सामनेही झाले. परंतु ज्या संघाचे हे घर, त्या महाराष्ट्राने रणजी करंडक अखेरचा जिंकला तो १९४०-४१ च्या हंगामात. घाटाखालच्या मुंबईने २०२३-२४ पर्यंत तो ४२ वेळा जिंकला. शेजारच्याच दोन संघांत एवढी तफावत का पडावी, याचा विचार व्हावयास हवा.

महाराष्ट्राचीही एके काळी सद्दी होती. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० व १९४०-४१ असे लागोपाठ दोन हंगाम हा संघ विजेता ठरला. त्या संघातील विजय हजारे पुढे बडोद्याकडून खेळू लागले आणि १९४२-४३ मध्ये करंडक बडोद्याला गेला. गुणी खेळाडूला उपजीविकेची शाश्वती देण्याचे सामर्थ्य त्या काळी संस्थानिकांपाशी होते, पुण्याच्या क्लबांपाशी नव्हते. १९४८ साली भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यात नाबाद ४४३ धावा केल्या, तरी त्या हंगामाचा करंडक मुंबईनेच नेला. एकट्याच्या पराक्रमावर परंपरा उभी राहत नाही, याचा याहून बोलका दाखला शोधावा लागू नये.

मुंबईची सद्दी १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे टिकली. तिचे मर्म १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात दिसले. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि अशोक मंकड हे पाच खेळाडू वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असताना सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखालील दुसऱ्या फळीने महाराष्ट्राला ४८ धावांनी हरविले. ही दुसरी फळी आकाशातून पडली नव्हती. हॅरिस व गाइल्स ढालीच्या शालेय स्पर्धा, भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग, टाइम्स ढालीसाठी झुंजणारे कंपन्यांचे संघ आणि त्या कंपन्यांतील नोकऱ्या, अशी ही साखळी होती. शाळकरी मुलाला पुढची पायरी कोणती, हे तीत ठाऊक असे.

म्हणूनच १९७३-७४ मध्ये बंगळूरला प्रसन्नाच्या कर्नाटकाने उपांत्य सामन्यात मुंबईला नमविले, तेव्हा सद्दी संपली. संघ मात्र संपला नाही. पुढचे तिन्ही हंगाम मुंबईने जिंकले. १९८४-८५ नंतर नऊ वर्षे करंडक दुरावला. १९९०-९१ च्या अंतिम सामन्यात तर हरियाणाकडून अवघ्या दोन धावांनी हार पत्करावी लागली. तरीही १९९३-९४ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला. हरल्यावर नव्याने उभे राहण्याची सोय मुंबईच्या व्यवस्थेतच होती.

मुंबई हे धनाढ्य आणि एकवटलेले शहर, महाराष्ट्राचा संघ मात्र नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत विखुरलेला, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहेच. पण विदर्भाचे उदाहरण समोर आहे. एके काळी दुबळ्या गणल्या गेलेल्या या संघाने निवासी अकादमीतून खेळाडू घडविले, मुंबईच्या चंद्रकांत पंडितांना प्रशिक्षक म्हणून आणले आणि २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असा तीनदा करंडक जिंकला. उलट २०१३-१४ मध्ये केदार जाधव यांच्या १२२३ धावांच्या बळावर महाराष्ट्र अंतिम फेरीपर्यंत पोहोचला, कर्नाटकाकडून हरला, आणि ती चढण तिथेच थांबली.

अर्थशास्त्रात स्थिर भांडवल आणि चालू गुंतवणूक यांत भेद करतात. गहुंज्याचे मैदान हे स्थिर भांडवल होय. वडगाव, तळेगाव, कामशेत, लोणावळा येथील शाळांच्या नियमित स्पर्धा, प्रशिक्षकाचे मानधन, वीस वर्षांच्या खेळाडूला नोकरीची हमी, ही चालू गुंतवणूक. पावसाची सबब येथे पुढे केली जाते आणि लोणावळ्याचा पाऊस मुंबईहून भारी आहे, हेही मान्य. पण भिजल्या खेळपट्टीवर चार महिने खेळूनच मुंबईच्या फलंदाजांचे तंत्र तयार झाले. गहुंज्याच्या प्रेक्षागारातून टाळ्या वाजविणारा मावळचा मुलगा पायऱ्या उतरून मैदानात केव्हा येतो, यावरच महाराष्ट्राच्या पुनरुभारणीचे माप घेतले पाहिजे.