एकाच चिपची दोन कामे : पुराचे माप आणि उसाचे पाणी



पावसाळा लागला, की आपल्या गावात जो तो एकच विचारतो, "राजारामला किती झालं?" म्हणजे राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी किती फूट झाली? ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका. या आकड्यांवरूनच म्हशी कधी हलवायच्या, धान्याची पोती माळ्यावर कधी टाकायची, हे ठरते. म्हणून आकडा बरोबर पाहिजे. असा आकडा यंत्राला कसा काढता येतो, आणि त्यासाठी रूप बदलणारी एक चिप कशी उपयोगी पडते, ते मी येथे सांगणार आहे. माझा चुलत दादा इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याला पुन्हा पुन्हा विचारून मी हे समजून घेतले आहे.

प्रथम दोन शब्द पाहू. नदीचे पाणी ३९ वरून एकदम ४० वर उडी मारत नाही. ते हळूहळू, न तुटता चढते. अशा सलग बदलणाऱ्या गोष्टीला 'ॲनालॉग' म्हणतात. ऊन, आवाज, तापातला पारा, सगळे ॲनालॉगच. पण आपण वहीत लिहितो तो आकडा. आकड्यांच्या रूपाला 'डिजिटल' म्हणतात. जग ॲनालॉग आणि संगणक डिजिटल, म्हणून मध्ये दुभाषा लागतो.

समजा, नदीच्या तळाशी पाण्याचा दाब ओळखणारा एक सेन्सर ठेवला. पाणी १ फूट वाढले, की तो १ मिलिव्होल्ट जास्त वीज देतो असे धरू. १ मिलिव्होल्ट म्हणजे १ व्होल्टचा हजारावा भाग. बॅटरीचा साधा सेल १५०० मिलिव्होल्टचा असतो, त्यावरून ही वीज किती क्षीण ते कळेल. मग तीन कामे करावी लागतात. पहिले, ती वीज वाढवणे. ४८ पट वाढवली, तर ५० फुटांना २४०० मिलिव्होल्ट होतात. दुसरे, गाळणे. लाटांमुळे आकडा सारखा खालीवर नाचतो. चाळणीने कोंडा काढावा तशी ही थरथर काढून टाकायची. तिसरे, मोजून आकडा करणे.

या तिसऱ्या कामाचे एक गणित पाहा. ५० फूट म्हणजे ६०० इंच. आकडा करणारे मंडळ ८ बिटांचे असेल, तर त्याला फक्त २५६ पायऱ्या असतात. ६०० भागिले २५६ केले, तर एक पायरी सव्वादोन इंचांहून थोडी मोठी येते. मंडळ १२ बिटांचे असेल, तर पायऱ्या ४०९६ होतात आणि एक पायरी इंचाच्या सातव्या भागाएवढी होते. पाणी उंबऱ्याशी आले असताना दोन इंचांना फार किंमत असते!

पूर्वी या तीन कामांसाठी वेगवेगळे भाग पट्टीवर डाख देऊन बसवत. काम बदलले, की डाख सोडवा आणि पुन्हा जोडा. यावर पहिला उपाय निघाला तो डिजिटल भागांसाठी. १९८५ साली अमेरिकेतील झायलिंक्स कंपनीने एफपीजीए नावाची चिप बाजारात आणली. पहिल्या चिपमध्ये ६४ ठोकळे होते. ते एकमेकांना कसे जोडायचे, हे कारखान्यात न ठरता वापरणाऱ्याने ठरवायचे. आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही या विषयावर काम झाले आहे. तेव्हा तेथे शिकवणारे रजनीश कामत आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचे एफपीजीएवरील इंग्रजी पुस्तक २००९ साली स्प्रिंगर या प्रकाशन संस्थेने काढले.

पण एफपीजीएचे ठोकळे आकड्यांचेच. क्षीण वीज वाढवणे, गाळणे ही कामे बाहेरच राहिली. ती आत घेणारी चिप म्हणजे पीसॉक. ती सायप्रेस या कंपनीने काढली. २०२० साली ही कंपनी जर्मनीच्या इन्फिनिऑनने विकत घेतली. पीसॉकच्या पहिल्या पिढीतील एका चिपमध्ये १२ ॲनालॉग ठोकळे, ८ डिजिटल ठोकळे आणि एक छोटा संगणक, एवढे सगळे नखाएवढ्या जागेत आहे.

आता मला सर्वांत आवडलेली युक्ती सांगतो. वीज अडवायला रोधक लागतो. चिप तयार झाल्यावर आतला रोधक बदलणार कसा? त्यासाठी तांब्याची युक्ती केली आहे. हौदातले पाणी तांब्याने घागरीत टाकतो आहोत असे समजा. भराभर खेपा केल्या, तर पाणी जास्त जाते. हळू केल्या, तर कमी जाते. तांब्याऐवजी लोटी घेतली, तरी कमीच. चिपमध्ये धारित्र नावाचा भाग हा तांब्या होतो. तो सेकंदाला हजारो वेळा विजेने भरतो आणि रिकामा होतो. खेपा किंवा तांब्याचा आकार बदलला, की जणू रोधकच बदलला. हा बदल डाख न देता, केवळ सूचना लिहून होतो. सूचना चिपच्या स्मृतीत राहतात, वीज गेली तरी पुसत नाहीत.

म्हणजे पावसाळ्यात जी चिप नदी मोजेल, तीच उन्हाळ्यात उसाच्या सरीत मातीची ओल मोजू शकेल. सेन्सर बदलायचा आणि सूचना बदलायच्या. हेही काम महत्त्वाचे आहे. शिरोळ तालुक्यात उसाला पाणी जास्त झाल्याने आणि निचरा नसल्याने पुष्कळ जमीन क्षारपड झाली आहे. माती ओली आहे हे आधी कळले, तर रात्री मोटार चालू करायला जाण्याची एक खेपही वाचेल.

मात्र या चिपला सगळेच जमते असे नाही. ठोकळे मोजकेच असतात. सेन्सर गाळात रुतला किंवा सूचना चुकीच्या लिहिल्या, तर ती खोटा आकडा अगदी ठामपणे दाखवील. त्यामुळे बंधाऱ्यावरची फुटांची पट्टी आणि ती वाचणारा माणूस, दोन्ही हवेतच. यंत्राचा आकडा पट्टीशी ताडून पाहायचा.

करून पाहा : एक भरलेली बादली व एक रिकामी बादली घ्या. एक मिनिटभर वाटीने पाणी भरा, मग एक मिनिटभर तांब्याने भरा. दोन्ही वेळा किती खेपा झाल्या आणि पाणी किती बोटे चढले, ते वहीत लिहा. पाणी मात्र झाडांना घाला.

— इयत्ता सातवी