संगणकातली जागा जाते कुठे?

एके दिवशी संगणक सांगतो, की हार्ड डिस्क भरली. नवी फाइल साठत नाही, यंत्र रेंगाळू लागते. मग घरातले कोणीतरी घाईघाईने पुसापुशी सुरू करते, आणि पहिली कुऱ्हाड पडते ती समोर दिसणाऱ्या फोल्डरवर. म्हणजे बहुधा आपल्याच फोटोंवर, पत्रांवर, लिखाणावर. गेलेल्या माणसाचा जपून ठेवलेला आवाज अशा घाईत पुसला गेला, तर तो पुन्हा कुठून आणायचा? म्हणून आधी जागा कुणी अडवली आहे ते पाहावे, आणि मगच पुसायला बसावे.

काही जागा तर पहिल्या दिवसापासूनच हरवलेली वाटते. डिस्क घेतली १ टेराबाइटची, आणि विंडोज दाखवते ९३१ गिगाबाइट. दुकानदाराने फसवले, असे वाटणे साहजिक आहे. पण हा मापांचा घोळ आहे. पूर्वी गावोगावचा शेर वेगवेगळ्या वजनाचा असे, तसेच हे. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. जागा तेवढीच, माप मोठे, म्हणून आकडा लहान. हा गोंधळ मिटावा म्हणून १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १०२४ च्या मापांना ‘किबी’, ‘मेबी’, ‘गिबी’ अशी निराळी नावे दिली. ती पुस्तकात राहिली, व्यवहारात फारशी उतरली नाहीत.

खरी शोधाशोध यापुढची. तिचा मार्ग सापडला तोही एका भरलेल्या डिस्कमुळेच. १९९० साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत ८० मेगाबाइटची एक डिस्क १४ जण मिळून वापरत होते. ती सारखी भरे, आणि कोणी किती जागा अडवली ते कळत नसे. तिथले प्राध्यापक बेन श्नायडरमन यांनी युक्ती काढली. सगळी डिस्क म्हणजे एक मोठा चौकोन. प्रत्येक फाइल म्हणजे त्यातला एक तुकडा. फाइल जेवढी मोठी, तेवढा तुकडा मोठा. शेताचे वाटेहिस्से नकाशावर दिसावेत तशी डिस्क एका नजरेत दिसू लागली. या चित्राला ‘ट्रीमॅप’ म्हणतात. ‘विनडरस्टॅट’ हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम विंडोजवर हेच चित्र काढून देतो.

हे चित्र पाहिले की बरेच गैरसमज गळून पडतात. मी कविता लिहिणारा माणूस, म्हणून कवितेचाच हिशेब सांगतो. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या युनिकोडच्या पद्धतीत देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना-मात्रा धरून ५०० चिन्हांची कविता झाली १५०० बाइटची. डिस्क जागा देते ती साधारणपणे ४ किलोबाइटच्या कप्प्यांनी, म्हणून साध्या मजकुराच्या फाइलमधली ही कविता एक कप्पा घेईल. अशा हजार कविता मिळून सुमारे ४ मेगाबाइट, म्हणजे फोनमधल्या एखाद्या फोटोएवढ्या. तेव्हा जागा करण्यासाठी कोणी आपले लिखाण पुसत असेल, तर तो समुद्रातून चमचाभर पाणी काढतो आहे. चित्रातले मोठे चौकोन बहुधा व्हिडिओंचे असतात, डाउनलोड करून विसरलेल्या फायलींचे असतात, नाहीतर तोच फोटोंचा फोल्डर तीन ठिकाणी ठेवल्याचे असतात.

तरीही कधी कधी बेरीज जुळत नाही. डिस्क म्हणते २०० गिगाबाइट भरले, आणि दिसणाऱ्या फोल्डरांची बेरीज येते १६०. उरलेले ४० झाकलेल्या खोल्यांत असतात. एक खोली कचरापेटीची. पुसलेली फाइल आधी ‘रिसायकल बिन’मध्ये जाते, आणि ती पेटी रिकामी होईपर्यंत जागा सुटत नाही. दुसरी हायबरनेशनची. संगणक गाढ झोपवताना स्मृतीतला मजकूर डिस्कवर उतरवावा लागतो, त्यासाठी काही गिगाबाइट राखून ठेवलेले असतात. तिसरी ‘रिस्टोअर पॉइंट’ची. यंत्र बिघडले तर मागच्या स्थितीला नेता यावे, म्हणून ठेवलेली ही शिदोरी. चौथी जुन्या विंडोजची. विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ वर गेले, की जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये राहते. परतीची मुदत साधारण दहा दिवसांची असते, आणि तोवर ती बरीच जागा अडवून बसते. विनडरस्टॅट ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवले, तर यातले बरेच काही दिसते.

या खोल्या स्वतः कुदळ घेऊन फोडू नयेत. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘स्टोअरेज’ उघडावे. तिथे ‘टेम्पररी फाइल्स’ची यादी मिळते, खूण करून पुसता येते. यादीत ‘डाउनलोड्स’ही असते. तिथे खूण करण्यापूर्वी आत काय आहे ते पाहावे, कारण बँकेची कागदपत्रे आणि मुलांचे निकाल पुष्कळदा तिथेच पडलेले असतात. ‘विंडोज’ नावाच्या फोल्डरमध्ये मात्र हाताने काहीही पुसू नये. त्यातला ‘विनएसएक्सएस’ हा भाग अवाढव्य दिसतो, पण एकच फाइल दोन नावांनी मोजली गेल्यामुळे तो असतो त्याहून फुगलेला वाटतो.

आणखी दोन सावधगिऱ्या. वनड्राइव्हसारख्या सेवेशी जोडलेल्या फोल्डरमधली फाइल पुसली, तर ती ढगातूनही जाते आणि इतर यंत्रांवरूनही. तिथे पुसण्याऐवजी ‘फ्री अप स्पेस’ निवडावे. फाइल ढगात राहते, इथली जागा सुटते. दुसरी गोष्ट एसएसडीची. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेला मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, पुष्कळदा परत मिळवता येत असे. एसएसडीला मात्र कोणते कप्पे मोकळे झाले ते प्रणाली कळवते, आणि ती ते आतून साफ करून टाकते. त्यामुळे तिथे कचरापेटी रिकामी केल्यावर आशा फार थोडी उरते.

म्हणून क्रम असा ठेवावा. ज्या गोष्टी पुन्हा मिळणार नाहीत त्यांची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडून पाहावी. मग डिस्कचे चित्र काढावे. मग प्रणालीचा पसारा, नंतर डाउनलोड, नंतर दुबार प्रती, अशा पायऱ्यांनी उतरावे. एवढे केल्यावर बहुतेक वेळा आपल्या फोटोंना आणि पत्रांना हात लावायची वेळ येतच नाही.