आरोग्यव्यवस्थेचे भागीदार (लेखांक पाचवा): प्लेगनंतरची सुरत

1994 च्या सप्टेंबरात, तापीच्या पुराचे पाणी ओसरून सखल वस्त्यांत चिखल आणि मेलेली जनावरे कुजत पडली असताना, सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली आणि अवघ्या काही दिवसांत लाखो माणसे मिळेल त्या वाहनाने शहर सोडून गेली. त्यांत यंत्रमागांवर राबणारे धुळे-जळगावकडचे आपले खानदेशी बांधवही होते. पुष्कळ खाजगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपे घातली आणि रुग्णांचा भार सरकारी सिव्हिल इस्पितळाच्या डॉक्टरांवर व परिचारिकांवर पडला. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. भयाने केलेली हानी मात्र त्याहून कितीतरी मोठी होती.

भयाने होणारी अशी हानी नवी नव्हती. 1897 साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारने नवा कायदा हाती घेऊन गोऱ्या शिपायांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या, आणि त्या अपमानापायी लोक रोगी लपवू लागले. ज्या प्रजेच्या रक्षणार्थ हुकूम निघतो तिलाच तो शत्रूचा वाटू लागला, तर अंमलबजावणी कितीही कडक असो, ती उंबरठ्याशी अडते. 

सुरतेत मात्र वाट वेगळी निघाली. मे 1995 मध्ये सुरत महानगरपालिकेचे आयुक्त झालेले एस. आर. राव यांनी शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येक विभागप्रमुखाकडे खर्चाचे व निर्णयाचे अधिकार सोपविले, आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी रोज कचेरीबाहेर पडून गल्ल्यांत हिंडावे, असा दंडक घातला. झाडलोट रात्रीही होऊ लागली, कचरा टाकणाऱ्या दुकानदाराला दंड बसू लागला, आणि तक्रारींच्या निवारणाला मुदत ठरली. माझ्या मते या सुधारणेचे मर्म दंडात नव्हते. सफाई कामगाराने गटारीत पाहिलेली गोष्ट त्याच दिवशी अधिकाऱ्याच्या नजरेसमोर येऊ लागली, यात ते होते. ज्या खाजगी डॉक्टरांनी प्लेगच्या वेळी दवाखाने बंद केले होते, त्यांच्याही दवाखान्यांतून तापाच्या व जुलाबाच्या रुग्णांची माहिती पालिकेच्या आरोग्य खात्याकडे जाऊ लागली. जो केवळ उपचार करीत असे, तो रोगाची वर्दी देणारा झाला.

परंतु आरोग्यव्यवस्थेतील हा सहभाग सर्वांच्या वाट्याला सारखा आला, असे म्हणवत नाही. रस्तारुंदीकरणात ज्यांच्या टपऱ्या व झोपड्या पडल्या, त्यांच्याकडून शिस्तीची अपेक्षा झाली. त्यांचा सल्ला क्वचितच घेतला गेला. सुरतेच्या लिंबायत-उधना भागांत यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणाऱ्या खानदेशी कामगाराला दिवसा उघडणाऱ्या सरकारी दवाखान्यात जायचे तर त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. दवाखान्याच्या वेळा ठरविणाऱ्या बैठकीत त्याला, आणि वस्तीत घरोघरी फिरून तापाची चौकशी करणाऱ्या बायकांना, हक्काची जागा कशी द्यावी, याचा तपशील पुढील लेखांकात पाहू.