कर्ता गेला कुठे?

आमच्या कळंबोलीत कोंबडा आरवण्याआधी ट्रकाचा भोंगा ऐकू येतो. एका अंगाला सिडकोने वसवलेला लोखंड-पोलाद बाजार, दुसऱ्या अंगाला २००२ साली पुरा झालेला पुण्याचा द्रुतगती मार्ग. अशा ठिकाणी इंग्रजी व्याकरणाची गोडी कोणाला लागावी? पण परीक्षा कोणाला चुकली आहे! शेजारची नववीतली मुलगी संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे येते, आणि गेल्या पावसाळ्यात आमची गाडी 'चेंज द व्हॉइस' या स्थानकावर जी अडली, ती काही केल्या पुढे सरकेना.

नियम तिला तोंडपाठ होते. कर्माला उचलून कर्त्याच्या पाटावर बसवायचे. काळाप्रमाणे 'इज', 'वॉज', 'हॅज बीन' यांपैकी योग्य ते घालायचे. क्रियापदाचे तिसरे रूप घ्यायचे. आणि पाटावरून उठवलेल्या कर्त्याला 'बाय'चे बोट धरून पंगतीच्या शेवटी नेऊन बसवायचे. 'राम ईट्स अ मँगो'चे 'अ मँगो इज ईटन बाय राम' ती झोपेतही करील. घोटाळा झाला तो मराठी मध्ये आल्यामुळे. 'रामाने आंबा खाल्ला' याचे इंग्रजी तिने केले, 'द मँगो वॉज ईटन बाय राम'. का? तर मराठीच्या बाईंनी हा कर्मणी प्रयोग म्हणून शिकवला, आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह!

वाचकांपैकी कित्येकांनी शाळेत हीच ठेच खाल्ली असेल. दोष मुलीचा नव्हे, शब्दाचा. संस्कृतातले 'रामेण रावणो हतः' हे खरेच कर्मणी. त्या 'हतः'सारख्या धातुसाधितांच्या पोटीच आपला मराठी भूतकाळ जन्मला; म्हणून 'रामाने आंबा खाल्ला', पण 'रामाने पोळी खाल्ली'. क्रियापद आंब्यामागे आणि पोळीमागे धावते, रामाकडे बघतही नाही. रूप पाहिले तर कर्मणीच. पण मराठी माणसाच्या मनात त्या वाक्याचा यजमान रामच आहे. 'रामाने आपल्या ताटातला आंबा खाल्ला' म्हणा, ताट कोणाचे? रामाचे, आंब्याचे नव्हे! तेव्हा इंग्रजीत सरळ 'राम एट द मँगो'.

इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाणारे मराठी वाक्य वेगळे आहे: 'रावण रामाकडून मारला गेला.' आपले व्याकरणकार याला नवीन कर्मणी म्हणतात आणि त्याचा संबंध इंग्रजी वळणाशी जोडतात. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, मोरो केशव दामल्यांनी १९११ साली आपला थोरला ग्रंथ काढला. एवढी थोर मंडळी प्रयोगांच्या जंगलात हिंडून आलेली; तिथे नववीच्या पोरीने वाट चुकली तर रागवायचे काय?

आणि इंग्रजांची तरी वाट सरळ होती असे नव्हे. आज आपण मुलांकडून घोकून घेतो ते 'द हाउस इज बीइंग बिल्ट' अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जवळजवळ नव्हतेच. 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत. नवे रूप आले तेव्हा तिकडच्या शिष्ट मंडळींनी नाके मुरडली. हे मी मुलीला सांगितले, तेव्हा तिला फार बरे वाटले.

हे 'बीइंग' आठवायला आणखी एक कारण आहे. मुलीचे वडील बाजारात माथाडी. मूळ साताऱ्याकडचे. श्रावणात एका गोडाऊनमध्ये हायड्रा क्रेनने सळ्यांचा भारा उतरवताना तो त्यांच्या पायावर आला. चार दिवसांनी सहीसाठी इंग्रजी कागद घरी आला, आणि मुलगी तो वहीत घालून माझ्याकडे घेऊन आली. त्यात होते: 'व्हाइल द बंडल वॉज बीइंग अनलोडेड, द वर्कर्स फूट वॉज इंजर्ड.' वाक्य व्याकरणशुद्ध, एका खुणेचीही चूक नाही!

मुलीने सवयीने त्याचे ॲक्टिव्ह करायला घेतले आणि थांबली. "काका, यात बाय नाहीच. कर्ता कुठून आणू?"

पुस्तकातला नियम असा, की कर्ता दिलेला नसेल तर संदर्भाने शोधावा, नाहीतर 'समवन' घालावे. मी म्हटले, "बाबांना विचार." आम्ही दोघे त्यांच्या खोलीत गेलो. पाय उशीवर होता.

"हायड्रावाल्याचा काय दोष न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "साखळी झिजल्याली. बदला म्हणून दोनदा सांगितलं हुतं मी. बदलली न्हाई कुणी."

पॅसिव्ह मुळात वाईट नाही. खिसा कापला गेला, तर कापणारा ठाऊक नसतोच. 'भात शिजवला जातो' म्हणताना स्वयंपाकिणीचे नाव कशाला हवे? विज्ञानाच्या वहीत तर तो शोभतो. पण सरकारी मराठीने 'करण्यात येत आहे', 'कळविण्यात येते' यांची जी रेलचेल केली आहे, ती पाहिली की वाटते, १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने कचेरीत मराठी आली खरी, पण पुष्कळदा इंग्रजी 'इज बीइंग'चाच अंगरखा घालून. पाणी 'बंद ठेवण्यात येईल', रस्ता 'खोदण्यात आला आहे'. खोदणारा दिसतो, ठेवणारा दिसत नाही.

त्या रात्री सहीच्या वर आम्ही दोन ओळी घातल्या. मुलीने इंग्रजीत लिहिल्या, मी फक्त काळ तपासला: 'आय हॅड टोल्ड द सुपरवायझर ट्वाइस टु चेंज द चेन. ही डिड नॉट चेंज इट.' खाली तेच मराठीत. वडिलांनी दोन्ही ऐकून घेतले, 'सुपरवायझर' या शब्दावर थोडे घुटमळले, म्हणाले, "उद्या तोंडावर बघायचं हाय त्याला." मग सही केली. टोळीच्या मुकादमाने त्याची नक्कल पुढे पाठवली.

दसऱ्याच्या आधी उत्तर आले. मुलगी जिन्यातूनच वाचत वर आली: "'आपला अर्ज प्राप्त झाला असून योग्य ती चौकशी करण्यात येईल.' काका, हे कोण करणार, ते विचारायला पुन्हा लिहू या का?"

मी वहीतले एक पान फाडून दिले.