फायटर मासा पाळताय? मग एवढे कराच

रंगीत माशांच्या दुकानात फायटर मासा छोट्या बाटलीत, नाहीतर पाण्याच्या पिशवीत विकायला ठेवलेला असतो. निळा, लाल, लांब परांचा हा मासा पाहिला की मुले हट्ट धरतात. मोठी पेटी, मोटार, दिवा असा खर्च नको, म्हणून एका खोलीत संसार करणारे आईवडीलही तयार होतात. मासा घरी येतो, जॅमच्या बाटलीत राहतो आणि पुष्कळदा महिना-दोन महिन्यांत मरतो. मुले रडतात. आपण म्हणतो, दुकानदाराने आजारी मासा दिला. खरे कारण बहुधा ती बाटलीच असते.

हा मासा मूळचा थायलंडचा. 2019 साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. तेथे तो भातखाचरांत, उथळ आणि संथ पाण्यात राहतो. अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून कल्ल्यांखेरीज थेट हवा घेण्याचे वेगळे इंद्रिय त्याच्या डोक्यात असते. त्याच्या जोरावर तो बाटलीतही तग धरतो. पण तग धरणे म्हणजे सुखाने जगणे नव्हे. त्याची विष्ठा आणि उरलेले खाणे यांतून अमोनिया तयार होतो. पाणी स्वच्छ दिसले तरी ते विषारी झालेले असू शकते. पाणी जितके थोडे, तितके विष लवकर साचते.

म्हणून एका माशासाठी निदान 15 ते 20 लिटरची, म्हणजे एक मोठी बादली पाणी मावेल एवढी पेटी घ्यावी. हा मासा उडी मारतो, तेव्हा झाकण हवेच. मात्र पाणी आणि झाकण यांत हवेसाठी चार बोटे जागा सोडावी. पाणी 24 ते 28 अंश सेल्सिअस असावे. थंडीच्या दिवसांत ते फार गार होत असेल, तर छोटा हीटर लावावा.

नळाचे पाणी थेट ओतू नये. त्यातले क्लोरीन माशाला बाधते. दुकानात मिळणारे क्लोरीन घालवण्याचे औषध वापरावे. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. सगळे एकदम बदलू नये. हळू चालणारा स्पंज फिल्टर असेल तर उत्तम. त्यात वाढणारे उपयोगी जंतू अमोनिया कमी करतात. म्हणून स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नव्या पेटीत हे जंतू वाढायला काही आठवडे लागतात. तोवर पाणी अधिक वेळा बदलावे.

आता स्वभावाविषयी. दोन नर कधीही एकत्र ठेवू नयेत. ते एकमेकांना फाडतात. मादीलाही कायम सोबत ठेवू नये. मोठ्या रंगीत शेपटीचा गप्पी त्याला वैरी वाटतो, तर टायगर बार्ब त्याचेच पर कुरतडतो. लहान पेटीत तो एकटाच बरा. मुले गंमत म्हणून त्याच्यासमोर सतत आरसा धरतात. तसे करू देऊ नये, तो थकतो.

सकाळ-संध्याकाळ फायटरचे दोन-तीन दाणे पुरेत. हा मांसाहारी मासा आहे. पाव, भात घालू नये. डासांच्या अळ्या त्याला आवडतात, पण त्यासाठी घरात पाणी साठवून डेंग्यूला आमंत्रण देऊ नये.

पर मिटलेले, कडा झिजलेल्या, मासा तळाशी पडून राहिलेला दिसला, तर औषधाआधी पाण्याकडे पाहावे. पृष्ठभागावर बुडबुड्यांचा फेस दिसला तर मात्र घाबरू नये. ते नराने पिलांसाठी बांधलेले घरटे असते.

नीट सांभाळला तर हा मासा साधारण तीन वर्षे जगतो. तेवढी तयारी असेल तरच आणावा. कंटाळा आला म्हणून विहिरीत किंवा तळ्यात सोडू नये. रविवारी पाणी बदलण्याचे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली मुलांकडेच द्यावे.