आधी तांदूळ निवडा

रेडिओवर दूरचा क्षीण संकेत ऐकू येईना, की आम्हां हौशी मंडळींना आधी अँप्लिफायर आठवतो. आम्हीही तो लावला आणि फसलो. गोंगाट तेवढा वाढला.

२००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेने हौशी लोकांना १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झचा पट्टा दिला. सुमारे ५३० किलोहर्ट्झपासून वर मध्यमलहरींची केंद्रे असतात. जवळचे केंद्र इतके बलवान, की पहिला ट्रान्झिस्टर त्याच्या माऱ्याने गुदमरतो. दोन केंद्रांच्या भेसळीतून हवेत नसलेले तिसरेच ऐकू येते. ही भेसळ पुढे निघत नाही. म्हणून गाळणी एरियल आणि पहिला ट्रान्झिस्टर यांच्या मध्येच हवी.

दोन्हीकडे ५० ओहम धरले, तर ८० मायक्रोहेन्रीची एक कॉइल आणि तिच्या दोन्ही टोकांपासून अर्थला १६ नॅनोफॅरडचा एकेक कंडेन्सर, एवढे पुरे. १००० किलोहर्ट्झवरील केंद्राचे व्होल्टेज सव्वाशे पटींनी घटते. १३७ वरचे जेमतेम पाच टक्के.

भात शिजल्यावर खडे वेचता येत नाहीत. वर्गात मुलांना आम्ही आता हेच सांगतो.