शांतता : उपचाराचाच एक भाग

औषधे, शस्त्रक्रिया व शुश्रूषा यांवरील खर्चाचा तपशील प्रस्तुत अहवालात अन्यत्र दिला आहे. रुग्णास तितकीच आवश्यक असलेली शांतता मात्र देणगीतून विकत आणता येत नाही. ती सभोवतालच्या समाजाकडूनच मिळावी लागते. म्हणून या विषयाची थोडी माहिती हितचिंतकांपुढे ठेवीत आहोत.

ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेत दहापट व २० डेसिबलची वाढ म्हणजे शंभरपट वाढ होय. कर्कश आवाज शरीराला धोक्याची सूचना वाटतो; ताणाची संप्रेरके स्रवतात, नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो. निरोगी मनुष्य यातून लवकर सावरतो. हृदयविकाराच्या किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास हा भार सोसणे कठीण जाते. हे झोपेतही घडते. त्यामुळे रुग्णाला जाग आली नाही, म्हणजे त्रास झाला नाही, असे समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये रुग्णकक्षासाठी रात्री सरासरी ३० डेसिबलची मर्यादा सुचविली होती.

आपल्याकडे हा प्रश्न न्यायालयापर्यंत नेणाऱ्यांत मुंबईचे डॉ. यशवंत ओक हे अग्रणी होते. पुढे ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अस्तित्वात आले. शांतता क्षेत्रासाठी त्यांत दिवसा ५० व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. तेथे भोंगे वाजविणे, फटाके फोडणे व ध्वनिक्षेपक लावणे यांस मनाई आहे.

पूर्वी रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर आपोआप शांतता क्षेत्र मानला जाई. ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर मात्र राज्य शासनाने तसे घोषित केल्याखेरीज हा दर्जा मिळत नाही. अर्थात, प्रवेशद्वारावर फलक लावणे पुरेसे नाही. त्यामागे शासनाची अधिसूचना हवी, आणि अधिसूचनेमागे अंमलबजावणी. या दोहोंसाठी नागरिकांचा आग्रह आवश्यक आहे. ध्वनिक्षेपकाविषयी तक्रार करणाऱ्याची ओळख पोलिसांनी उघड करू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा संकोचाचे कारण उरत नाही.

सगळा दोष रस्त्यावर टाकून मात्र आम्हांस मोकळे होता येणार नाही. ढकलगाड्यांची खडखड, यंत्रांचे इशारे, भ्रमणध्वनी व कक्षातील मोठ्याने चालणारे संभाषण यांचाही रुग्णास उपद्रव होतो. हे टाळणे आमचे व भेटीस येणाऱ्या नातलगांचे समान कर्तव्य आहे.

विश्वस्तांनी अधिसूचनेचा पाठपुरावा करावा, देणगीदारांनी आपल्या परिसरातील उत्सव मंडळांशी बोलावे आणि वाहनचालकांनी रुग्णालयासमोर भोंग्यावरचा हात आवरावा, ही नम्र विनंती. या दानाची पावती आम्हांस देता येणार नाही. त्याचा लाभ मात्र प्रत्येक खाटेपर्यंत पोहोचेल.